बाबांना गळ्यात नळी, घरी कोणती सक्शन मशीन घ्यावी?

कृष्णाकाठ: पक्षाघातानंतर बाबा महिनाभर व्हेंटिलेटरवर होते. आता गळ्यात ट्रॅकिऑस्टॉमीची (श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून बसवलेली) नळी आहे, मंगळवारी घरी आणतोय. कफ ओढायला मशीन हवी. बजेट ८ हजार, त्यापुढे जमणार नाही. आमच्याकडे दुपारी तीन तास लाईट नसते.

ठाणेकर_मीरा: बॅटरीवालीच घ्या. आम्ही २१ हजारांची घेतली, दोन वर्षं झाली, एकदाही बंद पडली नाही.

अण्णा_६२: भाड्याने घ्या. सासऱ्यांसाठी नवी घेतली, दोन महिन्यांत नळी निघाली. मशीन अजून माळ्यावर पडून आहे.

विदर्भवाला: मशीन राहू द्या, आधी नळी चांदीची करून घ्या. आमच्या काकांची होती, धुतली की झालं.

सिस्टर_आयसीयू: दादा, असं सरसकट सांगू नका. चांदीच्या नळीला फुगा (नळीभोवती फुगवून श्वासनलिकेतली फट बंद करणारा) नसतो. लाळ किंवा अन्न श्वासनलिकेत जात असेल तर फुग्याचीच नळी लागते, ते डॉक्टर ठरवतील. कृष्णाकाठ, मशीन कुठलीही घ्या, पण नळीचा नंबर विचारून घ्या. आतला व्यास ८ मिमी असेल तर १२ नंबरचा कॅथेटर, म्हणजे कफ ओढायची बारीक नळी. एका वेळी १०-१५ सेकंदच ओढायचं. त्याच मापाची एक आणि एक नंबर लहान अशा दोन जादा नळ्या उशाशी ठेवा. बोलायची झडप (नळीच्या तोंडावर बसते, श्वास फक्त आत घेऊ देते) दिली असेल तर फुगा पूर्ण रिकामा केल्याशिवाय लावू नका, श्वास बाहेर पडायला वाटच राहत नाही.

ठाणेकर_मीरा: सिस्टर बरोबर बोलतायत. तरी बॅटरीवालीच घ्या.

अण्णा_६२: भाड्याने घेतलीत तर अनामतीची पावती जपून ठेवा.

पुणेरी_नाना: इन्व्हर्टर बसवा, पंखाही चालेल.

कृष्णाकाठ: सगळ्यांचे आभार. साधी विजेवरची ५,८०० ला घेतली आणि सोबत पायाने दाबायचा सक्शन पंप. बॅटरी परवडत नाही, आणि भाड्याची मशीन कोणाकोणाकडे फिरून आली असेल या विचाराने आई तयार होईना. दुकानातच तिने चप्पल काढून पंप दाबून बघितला. वाटीतलं पाणी सरसर बाटलीत चढलं. लाईट नसताना तीच करणार, मी दुपारी कामावर असतो. जादा नळ्या उद्या आणतो. सिस्टर, गळ्यातल्या नळीच्या आत बसणारी काढती नळी दिवसातून किती वेळा धुवायची?

सिस्टर_आयसीयू: निदान दोनदा, कफ घट्ट असेल तर जास्त वेळा. घरी आणण्याआधी आईंना वॉर्डमध्ये स्वतःच्या हाताने सक्शन करायला लावा, आमच्यापैकी कोणीतरी शेजारी उभं असताना.