२० गुंठ्यात ऊस सोडून भाजीपाला-झेंडू, जमेल काय?

करवीरकर: मंडळी, पंचगंगेच्या बाजूला दीड एकर रान हाय, सगळा ऊसच. आडसाली (जुलै-ऑगस्टची) लागण केली की बिल हातात यायला दीड वर्ष जातंय आणि घरखर्च तर रोजचा. यंदा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटलेला ऊस) गेला की २० गुंठं भाजीपाला आणि झेंडूला काढावं म्हणतोय. घरात मी, बायको, आई, तिघंबी राबणारी. काय लावू?

शिरोळचा शेतकरी: दादा आधी हे बघा की २०१९ ला आणि २०२१ ला पुराचं पाणी त्या रानात कुठवर आलतं. उसाचा शेंडा वर राहिला तर ऊस पाण्यात चार दिवस तग धरतोय, पण टोमॅटो-झेंडूची मुळं लगेच कुजत्यात. पाणी येत असंल तर पावसाळ्यात तिथं भाजीचा नाद करू नका, ऑक्टोबरनंतर मेथी-कोथिंबीर घ्या, नायतर उसाच्याच सरीत कांदा, फ्लॉवर घ्या, ऊस मोठा व्हायच्या आत निघतंय. आणि मेथी एकदम सगळ्या वाफ्यात टाकू नका, महिन्याभरात सगळी एकदमच काढायला येती आणि त्या दिवशी दर पडला की पेंडीला कोण विचारत न्हाई. दर आठवड्याला चार वाफे टाका, पैसा थोडा पण सारखा येत राहतोय.

माळावरची ताई: झेंडू कराच भाऊ, फक्त तारीख सांभाळा. दसऱ्यापासून मागं मोजायचं. रोप लावल्यावर साधारण दोन महिन्यात तोडा चालू होतो, पण तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडला की बगलेनं फुटवे येतात, फुलं वाढतात आणि तोडा थोडा लांबतो, तेवढे दिवस आधीच धरा. सगळी रोपं एकाच दिवशी लावू नका, दसरा ते लक्ष्मीपूजन साधारण २० दिवस असतात, म्हणून अर्धी मागनं लावा, एका सणाला परतीचा पाऊस लागला तर दुसरा तरी हाताला लागतो. काळं रान असेल तर गादीवाफ्यावरच (उंच केलेल्या वाफ्यावर) लावा. आणि भिजलेली फुलं पोत्यात कोंबू नका, काळी पडतात, क्रेटमध्ये पसरून न्या.

करवीरकर: लय उपयोगाचं सांगितलंसा ताई. वरच्या अंगाचं १२ गुंठं दोन्ही पुरात सुटलंत, झेंडू तिथंच घेतो.

शिरोळचा शेतकरी: मग बेस्ट. टोमॅटो केला तर त्याच्या कडेनं पण झेंडूची ओळ टाका, फळ पोखरणारी अळी अंडी घालायला झेंडूकडं जाती. मेथी तेवढी मार्केट यार्डात टाकू नका, आई कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत नायतर गावच्या बाजारात बसत असतील तर हमाली वाचंल.