‘देवाशी वैयक्तिक संबंध वाढवा’ : हे मराठीत कसं म्हणाल?

भिंगारकरीण: आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांच्या बायबल अभ्यासासाठी एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणतेय. पानं १६, आणि त्यात ‘पर्सनल रिलेशनशिप विथ गॉड’ २८ वेळा. पहिल्या खर्ड्यात ‘देवाशी वैयक्तिक संबंध’ लिहिलं. वाचून दाखवताना मागच्या बाकावरच्या दोघी तोंडावर ओढणी धरून खुसखुसल्या. कळलं. मग ‘देवाशी वैयक्तिक नातं वाढवा’ केलं, तर सासूबाई म्हणाल्या, “वाढवा काय? बांगडी वाढवतात, नारळ वाढवतात.” शुक्रवारी छापायला द्यायचंय. सुचवा काहीतरी.

ठाणे_लोकल: वैयक्तिक म्हटलं की मला कर्जच आठवतं. नाहीतर ‘वैयक्तिक कारणास्तव रजा मिळावी’.

शुद्धमराठी: सासूबाईंना दंडवत. फुटणं, विझणं, बंद होणं ही अशुभं तोंडातून निघू नयेत म्हणून ‘वाढवणे’ आलं. दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं. पण ‘वाढणे’ला हा दोष नाही. ‘नात्यात वाढा’ म्हणा.

ठाणे_लोकल: ‘वाढा’ म्हणजे पंगतीत भात.

जुनी_प्रत: पवित्र शास्त्रात, म्हणजे मराठी बायबलात, ‘वाढत जा’ आहेच की. पेत्राचं दुसरं पत्र, ३:१८. प्रभू व तारणारा येशू ख्रिस्त याच्या ‘कृपेत व ज्ञानात वाढत जा’. ‘जा’ लावला की पंगतही उठते आणि नारळही फुटत नाही. पण तिथे नातं नाही, कृपा आणि ज्ञान आहे. नात्याच्या जागी योहानाच्या पहिल्या पत्रात ‘सहभागिता’ (इंग्रजीत फेलोशिप) आहे, पित्याबरोबर आणि पुत्राबरोबर. ताई, तोच शब्द घ्या, शोधायचा कशाला?

भिंगारकरीण: सहभागिता आमच्याकडे म्हणजे गुरुवारची प्रार्थना आणि नंतरचा चहा. एकटीची कशी होईल?

व्युत्पत्तीवेडा: नातं हे संस्कृत ‘ज्ञाति’वरून. ज्ञाति ‘ज्ञा’वरून, म्हणजे जाणणं. मग ‘ज्ञानात वाढत जा’ म्हणजेच ‘नात्यात वाढत जा’! पेत्राने सगळं सांगून ठेवलंय.

शुद्धमराठी: पेत्र गालीलचा कोळी, पत्र ग्रीकमध्ये, आणि कोटी संस्कृतवर. शिवाय ज्ञाति ‘ज्ञा’वरून की ‘जन्’वरून यावर विद्वानांत वाद आहे.

व्युत्पत्तीवेडा: ‘जन्’वरून असेल तर आणखी छान, ‘नवा जन्म’ आला!

ठाणे_लोकल: मला वाटायचं नात, नातू यांच्यावरून नातं.

शुद्धमराठी: ते ‘नप्तृ’वरून. वेगळं घराणं.

वसईचा: आम्हा कॅथलिकांत हा शब्दप्रयोगच नव्हता. माझी आजी रोजरी हातात घेऊन मरियामातेशी घरातल्या कुरबुरी बोलायची, आईबद्दलच्या तक्रारीसुद्धा. तिला कोणी विचारलं असतं, “तुमचं देवाशी वैयक्तिक नातं आहे का?” तर तिनं त्याला आधी पाणी दिलं असतं आणि मग फादरना बोलावलं असतं. हा इव्हँजेलिकल मंडळींचा शब्द आहे, इंग्रजीतून जसाच्या तसा आलेला.

जुनी_प्रत: इंग्रजीतून आला हे खरं, पण गरज इथलीच होती. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ पासून. पुढे नगर जिल्ह्यात, विशेषतः १८७६–७८ च्या दुष्काळानंतर, घरंच्या घरं, वस्त्याच्या वस्त्या ख्रिस्ती झाल्या. तिसऱ्या पिढीला धर्म आडनावासारखा मिळाला. म्हणून सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ती प्रचारक, विचारायचे, “तुझ्या बापाचा विश्वास राहू दे, तुझा काय?” या ‘पर्सनल’चा अर्थ खाजगी नव्हे, एकेकट्याचाही नव्हे, वडिलोपार्जित नसलेला, स्वतः पत्करलेला. ‘वैयक्तिक’मध्ये हे उतरत नाही. ‘तुझं स्वतःचं’ यात उतरतं.

भिंगारकरीण: हे पटलं. लिहून घेतलं.

शुद्धमराठी: मराठीत याला केव्हाचा शब्द आहे : सख्य. नवविधा भक्तीतली आठवी.

पास्टर_नव्हे: दासबोधातली भक्ती बायबलच्या पुस्तिकेत? आपले शब्द वेगळे ठेवावेत. त्यांचे घेतले की त्यांचा अर्थही मागून येतो.

जुनी_प्रत: स्तोत्र २५:१४ काढा. परमेश्वराचं भय धरणाऱ्यांशी त्याचं ‘सख्य’ असतं, असंच छापलंय. आणि वेगळे शब्द म्हणाल तर जेझुइट मिशनरी फादर स्टीफन्सनी १६१६ च्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला सरळ ‘वैकुंठ’ म्हटलं. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक सांगत, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. तुकोबा विठ्ठलाला सोयरा म्हणतात. तो पूल मोडून तुम्ही कुठून जाणार?

पास्टर_नव्हे: पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल पुन्हा मराठीत का केलं मग? आधीचं जड होतं, साध्या बाईला कळत नव्हतं म्हणूनच ना? सख्य कोणाला कळणार आहे?

वसईचा: आणि ‘चंगाई’, ‘आशीषित’ कळतात? हिंदी सभांतून आलेत. ‘बरं होणं’ला काय झालं होतं?

पास्टर_नव्हे: चंगाई लोकांच्या तोंडी बसलाय. बसला तो मराठी.

शुद्धमराठी: डासही बसतो.

पास्टर_नव्हे: शिवाय सख्य बरोबरीचं असतं. देव काय कट्ट्यावरचा दोस्त आहे?

जुनी_प्रत: योहानाच्या शुभवर्तमानात, १५ व्या अध्यायात, येशूच शिष्यांना म्हणतो, मी तुम्हांला दास म्हणत नाही, मित्र म्हटलंय. त्याच अध्यायात ‘मी वेल, तुम्ही फाटे’ आहे. ताई, तुमच्या पुस्तिकेला तोच अध्याय पुरे. नातं काय आणि वाढ कशी, दोन्ही तिथेच.

ठाणे_लोकल: फाटे?? शिर्डी फाट्यासारखे?

निफाडचा_बागायतदार: मी ख्रिस्ती नाही, पण द्राक्षं लावतो म्हणून बोलतो. वेलीला फाटा कोण म्हणतं? खोडावरून आडवा नेतो तो ओलांडा, त्यावर येते ती काडी. घड काडीला लागतो.

जुनी_प्रत: मग पुढे ऐका. फळ देणाऱ्या फाट्याला जास्त फळ यावं म्हणून बाप, म्हणजे देव, त्याची ‘साफसूफ’ करतो.

निफाडचा_बागायतदार: साफसूफ घराची. बागेची छाटणी. एप्रिलात खरड छाटणी, काडी तयार होण्यासाठी. ऑक्टोबरात गोडी छाटणी, घडासाठी. खरड छाटणीनंतर बाग बघवत नाही, नुसते खुंट उरतात. नवा माणूस म्हणेल, मारली बाग. वर्षभराचा माल त्या छाटणीवर असतो.

भिंगारकरीण: दादा, हे मी पुस्तिकेत घातलं तर चालेल? सासूबाई निफाडच्याच आहेत. आणि ‘संबंध’चं अजून ठरलेलं नाही, आज बुधवार आहे.

शुद्धमराठी: ‘खरड’ हा शब्द खरडणेवरूनच ना? की फारसी?

ठाणे_लोकल: म्हणजे नवं भाषांतर असं : “मी वेल आहे, तुम्ही काड्या आहात.”

वसईचा: आमच्या पॅरिश कमिटीला तंतोतंत लागू.