दुपारी १२:३५ चा मुहूर्त, डोक्यावर पदर आणि करंगळीएवढी वेणी: अंबाडा कसा घालू?

ज्वारीचं_कणीस (मानवत, जि. परभणी)

आधीच सांगते, स्वतःचा फोटो टाकणार नाही. वर्णनावर भागवून घ्या.

लग्न मे महिन्यात आहे, मानवतलाच, गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात. मुहूर्त १२:३५. आपल्याकडचा १२:३५, म्हणजे अक्षता दीडला पडतील आणि मी सकाळी सातपासून नटून बसलेली. कार्यालयात कूलर आहेत, एसी नाही. आमच्याकडचा मे कसा असतो ते मी काय सांगू.

केसांचं असं आहे. बारावीत होते तेव्हा कमरेपर्यंत शेपटा होता. दोन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला. ताप उतरला, मी खूश. आणि तीन महिन्यांनी केस असे गळायला लागले की मोरीच्या जाळीवर रोज एक गुंता. परत आले, पण बारीक, मऊ, हातातून निसटणारे. आता खांद्याखाली वीतभर आहेत. त्यात मीच शहाणपणा करून लेयर कापून घेतले. वेणी घातली तर शेवटाला करंगळीएवढी होते.

मला हवाय वेण्यांचा अंबाडा. दोन्ही कानांवरून सागरवेण्या मागं न्यायच्या आणि खाली त्यांचाच गोल बांधायचा, बाजूनं मोगरा. मोबाईलमध्ये ३७ फोटो जमवलेत. त्यातल्या एकूण एक बाईचे केस माझ्या चौपट आहेत.

अडचणी एकीत एक अडकलेल्या आहेत. मुहूर्ताला मामाकडची पिवळी साडी, नंतर शालू, म्हणजे मधे कपडे बदलणं आलं. कपाळाला बाशिंग, त्याची दोरी डोक्यामागं बांधणार. सासरी डोक्यावर पदर लागतो, तो अंबाड्यावरून घसरला की दहा बायका सरसावून येतात. आई म्हणायलीय गंगावन लाव. आजी म्हणते तेल चोपडून बुचडा बांध, मोकळी हो.

ट्रायल एकदा झाली. ७०० रुपये दिले. सकाळी शाम्पू-कंडिशनर करून गेले होते, ११ वाजता अंबाडा तयार, बघायला झकास. तिथून थेट दुकानावर आले (मी मेडिकलवर बसते). खालच्या फळीवरचं सलाईनचं खोकं काढायला वाकले तर डावी वेणी सुटून गालावर. एक गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, तुमची पिन पडली." चारपर्यंत गल्ल्यात ११ पिना जमा झाल्या होत्या.

तर विचारायचंय, बारीक केसांचा असा अंबाडा उन्हाळ्यात दुपारभर टिकतो का? आणि खरा प्रश्न हा, की पदराखाली दिसणारच नसेल तर एवढा खटाटोप कामून करू?

रानातला_वारा

वेणी मोकळी सोडा की. शेपटा काय वाईट दिसतो?

ज्वारीचं_कणीस

शेपटा असता तर सोडला असता, दादा. उंदराची शेपटी कोण सोडतं?

कंगवेवाली_ताई (लातूर)

अगं, १८ वर्षं झाली नवऱ्या सजवायलेय. तुझ्या केसांत खोट नाही, तू त्याच दिवशी केस धुऊन गेलीस तिथं घोळ झाला. ताजे धुतलेले, वरून कंडिशनर लावलेले बारीक केस म्हणजे रेशमाची लड. पिन त्यात थांबेल कशी?

आदल्या दिवशी तुमच्याकडं हळद असणार, तेलवण असणार. बायका डोक्यावर तेल घालतातच, घालू दे. त्या रात्री दोनदा शाम्पू करून तेल पूर्ण काढ. कंडिशनर नुसता टोकांना, किंवा नकोच. केस पंख्याखाली वाळव. सकाळपर्यंत केसांना जरा अंग येतं, तेच आपल्याला पाहिजे. बोअरचं पाणी असेल तर साबणाला फेस येत नाही आणि केस वाळले की झाडूसारखे होतात. म्हणून शेवटचे दोन तांबे जारच्या पाण्याचे घे. दोनच घे बाई. मी लातूरची आहे, २०१६ ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. त्या सीझनला आमच्याकडं नवरीच्या डोक्याला एक बादली मिळायची, त्यात भागवलंय.

आता वेणी. नेहमीची सागरवेणी घालू नको, उलटी घाल. नेहमीच्या वेणीत बाजूचा पेड मधल्या पेडावरून येतो, तो खालून घालायचा. वेणी डोक्याला चिकटून न बसता वर उठते आणि त्याच केसांत जाड दिसते. त्याआधी वरचा एक थर बाजूला ठेवून आतल्या केसांना मुळापाशी क्रिम्पिंग कर, म्हणजे गरम मशीननं बारीक नागमोडी चुण्या पाड. केस फुगतात आणि पकड येते. लेयरची टोकं वेणीतून काट्यासारखी बाहेर येतात, त्यासाठी प्रत्येक पेड घेताना बोटावर हरभऱ्याच्या अर्ध्या डाळीएवढं वॅक्स. जास्त घेतलंस तर उन्हात डोकं तेलकट दिसेल. वेणी पूर्ण झाली, रबर लावलं की मग शेवटाकडून वर येत एकेक पाकळी हलकेच ओढून सैल कर. करंगळीची वेणी अंगठ्याएवढी होते. ओढताना टोक घट्ट धरून ठेव, नाहीतर सगळीच हातात येईल.

गंगावन लाव, आईचं बरोबर आहे, पण लांब सोडायला नाही. मागच्या केसांची छोटी पोनी घट्ट बांधायची. गंगावनाची वेणी घालून तिचा गोल त्या पोनीभोवती बसवायचा आणि तुझ्या खऱ्या दोन्ही वेण्या त्यावरून गुंडाळायच्या. बाहेर दिसतात ते तुझेच केस, आतलं ओझं गंगावन सांभाळतं. रंग जुळवायला दुकानाबाहेर उन्हात जा. ट्यूबलाईटखाली सगळंच काळं दिसतं.

पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडं. निम्म्या बायका उलटी लावतात, आणि काही पार्लरवाल्यासुद्धा! एकेकटी पिन लावू नको, दोन पिना फुलीसारख्या एकमेकींत अडकव. पिन पोनीच्या रबरात गेली पाहिजे, हवेत नाही. सकाळी आठला जी पिन टोचते ती बाराला डोकं दुखवते, तेव्हा लाजू नको, तिथल्या तिथं सांग.

अंबाडा अगदी मानेवर नको. मंगळसूत्र बांधताना नवरदेवाचे हात तिथंच चाचपडणार आहेत. कानाच्या पाळीच्या रेषेत ठेव, खाली दोन बोटं जागा सोड. बाशिंगाची दोरी त्या जागेतून जाईल. आधी दोरी, मग गजरा. उलट केलंस तर गजरा चेंगरतो.

तुझा खरा प्रश्न पदराचा. पदर मोकळ्या, गुळगुळीत केसांवर ठेवलास तर घसरणारच, त्याला धरायला काही नसतं. तुझ्या दोन वेण्या कानांवरून वर उठून मागं गेलेल्या असतात, त्या दोन कठड्यांसारख्या आहेत. पदराची पिन त्या वेणीत टोच, एक इकडं, एक तिकडं. हलत नाही. वेणी कुणाला दिसो न दिसो, पदर तीच धरून ठेवते. म्हणून खटाटोप करायचा.

आणि हो, दोन्ही ब्लाऊज पुढून हुकांचे शिव. डोक्यातून काढायचा ब्लाऊज आणला तर मी पैसे वापस देते आणि घरी जाते.

गोदाकाठची (नांदेड)

ताईंनी गंगावन सांगितलं म्हणून माझं ऐक. माझं लग्न फेब्रुवारीत झालं. गंगावन नुसतं पिनांवर लावलेलं. हार घालताना नवरदेवाला त्याच्या मित्रांनी उचललं, मला माझ्या भावांनी. हाराचा दोरा एका यू पिनेत अडकला, आणि माणसं खाली उतरली तसा हार खाली आला, हारासोबत गंगावनही. ते नवरदेवाच्या हातात! तो बिचारा दोन सेकंद बघतच राहिला, मग त्यानं ते शेरवानीच्या खिशात घातलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या खिशातून शेपूट लोंबत होतं.

गंगावन सुई-दोऱ्यानं शिवून घे. खरंच. काळा दोरा, चार टाके, पोनीच्या रबरातून. आमच्या मोठ्या आत्यानं मला नंतर तसंच शिवून दिलं, ते रात्रीपर्यंत हललं नाही. ट्रायलच्या दिवशी गळ्यात एखादा हार घालून काढूनही बघ.

दुसरं म्हणजे अक्षता. आमच्याकडं ज्वारीच्या असतात, तुमच्याकडंही असतील. त्या वेणीच्या पाकळ्यांत जाऊन बसतात. मी तिसऱ्या दिवशी केस विंचरताना तीन दाणे काढले. अजून चार दिवस गेले असते तर कणीस आलं असतं (तुझं नाव बघून आठवलं). अंबाडा सोडताना ओढाताण करू नको, स्प्रेनं केस कडक झालेले असतात. खोबरेल तेल जिरव, दहा मिनिटं थांब, मग पिना काढ. मी मोजल्या होत्या, ६४ निघाल्या.

थोरली_जाऊ (अंबाजोगाई)

पोरींनो, दोन तास वेण्या घालताय, घड्याळाकडं बघा म्हणजे झालं. आमच्या योगेश्वरीची गोष्ट माहीत आहे ना? लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलेलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचं झालं आणि देवी कुमारीच राहिली, असं सांगतात. माझी सासू म्हणायची, नक्की केस विंचरत बसली असणार.

चेष्टा सोडा. पदराबद्दल बोलते. मी दोन सुना आणल्या. सासूशी आधी बोल, पण "पदर घेऊ का नको" असं विचारू नको. त्याला उत्तर एकच असतं. "पदर कुठपासून कुठपर्यंत घ्यायचा" असं विचार. आमच्याकडं अक्षतेला आणि मोठ्यांच्या पाया पडताना घेतात, जेवणाच्या पंगतीला कोण बघत नाही. तुझ्या सासरचंही असंच काहीतरी असेल, विचारल्याशिवाय कळायचं नाही.

फुलांचं सांगते. मे म्हणजे मोगऱ्याचा महिना, भरपूर मिळेल. पण उमललेला घेऊ नको, दीडपर्यंत तपकिरी होतो. घट्ट कळ्यांचा गजरा पहाटे आणायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायचा आणि मांडवात जाताना माळायचा. डोक्याच्या उबेनं तो दुपारी आपोआप उमलतो. मध्ये अबोलीचा एक पदर गुंफून घे, वास नाही तिला पण कोमेजली तरी रंग सोडत नाही. एवढ्या बारीक केसांवर चार गजरे चढवू नको. ओल्या गजऱ्याला वजन असतं.

आणि आजीला नावं ठेवू नको. अजिंठ्याला १७ नंबरच्या लेणीत आरसा धरून शृंगार करणारी बाई आहे, ती बघून ये एकदा. पार्लर निघायच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडं बायका हेच करायल्यात.

क्लिकवाला_भाऊ (जालना)

ताई, मी लग्नाचे फोटो काढतो. मागून कुणी फोटो काढत नाही, सांगितल्याशिवाय. अल्बममध्ये नवरीचा अंबाडा दिसतो तो फक्त दोनदा, आरशासमोर तयार होताना आणि मंगळसूत्र बांधताना. अंबाड्यावर एवढी मेहनत घेताय तर तुमच्या फोटोग्राफरला सकाळीच सांगून ठेवा, पदर घ्यायच्या आधी खिडकीजवळ पाच मिनिटं द्या. स्प्रे जरा कमी मारा. फ्लॅशमध्ये तो चमकतो आणि केस ओले दिसतात.

ज्वारीचं_कणीस

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, दुकानात तापाची गर्दी होती.

काल परत करून बघितलं. परवा रात्री केस धुतले, शेवटचे दोन तांबे जारचे. आई मोजत उभी होती, तिसऱ्याला हात लावू दिला नाही. सकाळी धाकट्या बहिणीनं उलटी सागरवेणी घातली. पहिल्यांदा जमली नाही, तिसऱ्यांदा जमली. पाकळ्या ओढल्यावर आरशात बघून मी गप्पच बसले. केस माझेच होते, पण बारावीतले वाटले. गंगावन आईच्या लग्नातलं निघालं, ट्रंकेत होतं, रंग थोडा तांबूस. आतल्या गोलाला चालतंय. बहिणीनं टाके घातले.

तसंच दुकानावर गेले. नऊ ते साडेचार. सलाईनची खोकी मुद्दाम दोनदा काढली-ठेवली. दुपारी लाईट गेली, पंखा बंद, मानेवरून घाम ओघळत होता. एक पिन पडली, ती पण उजव्या कानामागची, तिथं बहिणीनं फुली न घालता एकटीच लावली होती. ताई, तुमचं बरोबर निघालं.

संध्याकाळी आईची जुनी साडी डोक्यावर घेऊन पदर वेणीत टोचला आणि अंगणात झाडलोट केली. पदर हलला नाही. शेजारच्या काकू विचारत होत्या, आत्ताच सासरी चाललीस का.

ज्या पार्लरमध्ये ट्रायल केली होती तिथं नाही जात. बहीणच करणार. हार घालताना कुणी उचलायचं नाही, हे भावांना सांगितलंय. ते ऐकतील असं वाटत नाही.

थोरल्या जाऊबाई, तुम्ही सांगितलं तसंच फोनवर विचारलं, पदर कुठपासून कुठपर्यंत. सासूबाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, अक्षतेपुरता घे, पंगतीला बसलीस की काढ, गरम होतंय. आणि लगेच विचारलं, तुझी बहीण करवल्यांचे पण केस करते का? माझ्या नणंदेचे केस माझ्यापेक्षा बारीक आहेत म्हणे.