'गाळून घ्या' की 'गाळून टाका'?

प्रश्न

नमस्कार. नागपुरात धंतोलीला आमच्या संस्थेचं छोटं कार्यालय आहे. संकेतस्थळावर कोण येतं, कुठून येतं, काय वाचतं हे गूगल ॲनालिटिक्सवर पाहायचं काम माझ्याकडे आहे. सहकाऱ्यांसाठी मी मराठीत सूचना लिहून ठेवल्या, त्यात एक वाक्य होतं: 'कार्यालयातल्या भेटी गाळून घ्या.' आम्हीच दिवसभर जी पानं उघडतो ती मोजणीत नकोत, एवढंच मला म्हणायचं होतं. सहकाऱ्याने फिल्टर लावताना 'एक्सक्लूड' (हे वगळा) ऐवजी 'इन्क्लूड ओन्ली' (फक्त हेच ठेवा) निवडलं. आठवडाभर मोजणीत फक्त आम्हीच होतो. चालू केलेला डेटा फिल्टर जे गाळतो ते परत मिळत नाही, म्हणून तो आठवडा कायमचा गेला. तो म्हणाला, "ताई, चहा गाळून घेतो तेव्हा चहाच तर घेतो ना?" त्याचं बरोबर होतं, वाक्य माझं चुकलं होतं. फिल्टर, सेगमेंट (भेटींचा किंवा वाचकांचा वेगळा काढलेला भाग) आणि ॲक्सेस (कोणाला काय पाहता, बदलता येईल ते) यांना नीट शब्द सुचवा.

उत्तर

ताई, तुम्ही नाम शोधून राहिल्या, पण घोळ क्रियापदात आहे. 'गाळलेल्या जागा भरा' यात गाळलेलं म्हणजे सोडलेलं, आणि 'गाळलेला चहा' यात गाळलेलं म्हणजे ठेवलेलं. 'निवडणे'ही तसंच: आपण तांदूळ निवडतो आणि तांदळातले खडेही निवडतो. पीठ चाळलं तर खाली पडतं ते हवं असतं, धान्य चाळलं तर वर राहतं ते. मराठीत याचा निकाल सहायक क्रियापद लावतं. 'टाकणे' आलं की गेलं, 'घेणे' आलं की राहिलं. तुमच्या वाक्यात 'घ्या' होतं, त्याने घेतलं.

म्हणून एक्सक्लूडला 'गाळून टाका' आणि इन्क्लूड ओन्लीला 'फक्त हेच घ्या' लिहा. नाम 'फिल्टर'च राहू द्या, पडद्यावर तेच दिसतं. आणि आधी 'खूण करून पाहा' ही पायरी घाला. फिल्टर टेस्टिंग अवस्थेत ठेवला की त्यात बसणाऱ्या भेटींवर खूण लागते, पण मोजणीतून काही जात नाही. दोनेक दिवस खुणा पाहायच्या आणि मगच चालू करायचा.

आणखी एक उत्तर

सेगमेंटला मी 'फोड' सुचवणार होतो. इंग्रजीत संत्र्याच्या फोडीलाही सेगमेंटच म्हणतात, नागपूरकराला याहून जवळचा शब्द कुठला! पण लिहिताना अडलो. संत्र्याची एक फोड दुसऱ्या फोडीत नसते, सगळ्या जोडल्या की एकच संत्रं होतं. इथे मोबाइलवरून वाचणारे हा एक सेगमेंट आणि नागपूरहून वाचणारे हा दुसरा; नागपुरात बसून मोबाइलवर वाचणारा दोन्हींत. दोन्ही आकडे जोडले तर बेरीज फुगते. तेव्हा 'गट' बरा. एकच बाई बचत गटातही असते आणि भजनी मंडळातही, त्यात कोणाला नवल वाटत नाही.

त्याचं क्रियापद 'वेगळं काढून पाहा'. यात मूळ ढीग जसाच्या तसा राहतो, आणि आधी साठलेला डेटाही असा पाहता येतो. फिल्टर मात्र लावल्यानंतरच्या डेटावरच चालतो.

गटाचं नाव देतानाही जपा. 'नागपूरचे वाचक' आणि 'नागपूरहून झालेल्या भेटी' हे दोन वेगळे गट आहेत. कोणी एकदा नागपूरहून वाचलं आणि नंतर पुण्याहून, तर पहिल्या गटात त्याची पुण्याची भेटही येते, दुसऱ्यात येत नाही. वापरकर्ता (वाचणारा माणूस), सत्र (त्याची एक भेट) की घटना (भेटीतली एखादी कृती), गट कशाचा आहे हे नावातच यायला हवं.

प्रश्नकर्ती

काका, दादा, मनापासून आभार. ॲक्सेससाठी मी 'पोहोच' लिहिलं होतं, पण जाहिरातीचं काम करणारे 'रीच'ला, म्हणजे जाहिरात किती जणांपर्यंत गेली त्याला, पोहोच म्हणतात, म्हणून खोडलं. 'प्रवेश'ही पुरत नाही, कारण आत आल्यावर काय करता येईल हाच खरा प्रश्न असतो. 'मुभा' मला पटला: पाहण्याची मुभा, बदलण्याची मुभा. डेटा फिल्टर लावायला किमान एडिटरची, म्हणजे बदल करू शकणाऱ्याची, भूमिका लागते. त्या सहकाऱ्याला फक्त आकडे पाहायचे होते, त्याला व्ह्यूअर, म्हणजे नुसतं पाहणाऱ्याची भूमिका, पुरे होतं. ती मुभा मीच जास्तीची दिली होती.

आणखी एक क्रियापद लागलं. देणग्यांच्या रकमा काही जणांना दिसू नयेत अशी सोय तिथे आहे. रकमा साठतात, फक्त त्या माणसाला दिसत नाहीत. त्याला मी 'झाकून ठेवा' लिहिलं.

नवं वाक्य असं केलं आहे: 'कार्यालयातल्या भेटी आधी खूण करून पाहा, मग गाळून टाका. नागपूरहून झालेल्या भेटी वेगळ्या काढून पाहा. देणगीच्या रकमा झाकून ठेवा.' व्ह्यूअरला मात्र अजून शब्द मिळाला नाही. 'दर्शक' म्हटलं की अजब बंगल्यात, म्हणजे आमच्या नागपूरच्या संग्रहालयात, वस्तू पाहायला आलेली माणसं डोळ्यांपुढे येतात. 'पाहणारा' कसा वाटतो?