डिस्कवर्ल्ड पुढे सुधारतं का?

टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी फॅन्टसी कादंबरीमालिकेतलं पहिलं पुस्तक, 'द कलर ऑफ मॅजिक' (१९८३), अर्ध्यात अडकलंय, जोक भारी आहेत पण गोष्ट कुठे जातच नाहीये. ४१ च्या ४१ पुस्तकं अशीच आहेत का?

— नाही रे, पहिली दोन म्हणजे नुसती फॅन्टसीची टिंगल. खरा सूर 'मॉर्ट'ला लागतो, साक्षात मृत्यू शिकाऊ पोरगा ठेवतो!

— डायरेक्ट 'गार्ड्स! गार्ड्स!' घे. गटारात झिंगून पडलेला पहारेकऱ्यांचा कप्तान व्हाइम्स 'नाइट वॉच'पर्यंत (२००२) कुठे पोचतो बघ, हसता हसता आवंढा येतो.

— शेवटची जड जातात पण. २००७ ला प्रॅचेटना अल्झायमरचं निदान झालं, पुढे डिक्टेट करून लिहायचे, आणि 'रेझिंग स्टीम'मध्ये सगळेच भाषणं ठोकतात, शहराचा सत्ताधीश व्हेटिनारीसुद्धा, जो आधी नुसती भुवई उचलून काम उरकायचा. तरी दोनदा वाचलंय मी.