रविवारच्या चिठ्ठ्या आणि पोराच्या हातातली केरसुणी

डबेवाली_धायरी

आमच्याकडे जूनपासून रविवारी पोहे खाऊन झाले की वाटीत चिठ्ठ्या पडतात. केर-फरशी, भाजी निवडणे, कपडे वाळत घालून आधी वाळलेल्यांच्या घड्या, बाथरूम, डबे-बाटल्या. मी, नवरा, मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सात. ज्याला जे निघेल ते त्याचं. अदलाबदल चालते, रडारड चालत नाही. कामाच्या मावशी रविवारी येत नाहीत, त्यांनाही घर आहे. साडेअकरापर्यंत आटपतं, मग दिवस ज्याचा त्याचा.

डबे-बाटल्या म्हणजे नुसतं विसळणं नव्हे. झाकणाची रबरी रिंग चमच्याच्या दांड्याने उचकटून काढायची, कारण खाचेत शुक्रवारच्या उसळीचं तेल बसलेलं असतं. रिंग धुवायची, पुसायची, पुन्हा नीट दाबून बसवायची. एक बाजू वर राहिली की सोमवारी दप्तरात आमटी. सात वर्षांच्या मुलीला हे माझ्यापेक्षा छान जमतं, बोटं बारीक आहेत.

गेल्या रविवारी सासूबाई आलेल्या आणि मुलाला नेमकी केर-फरशी निघाली. तो कॉटखाली निम्मा शिरलेला बघून त्या म्हणाल्या, "आठवड्यात एक दिवस मिळतो पोराला, त्यात हातात केरसुणी? तुला काही वाटतं का गं?" नवरा बाथरूम घासत होता, त्याने नळ मोठा केला. मुलगी शेजारी मेथी निवडत बसली होती.

चुकतंय का माझं? खरंच विचारतेय.

पर्वतीच्या_पायऱ्या

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चुकतंय.

माझा मुलगा सोमवार ते शुक्रवार पावणेसहाला उठतो. व्हॅन, शाळा, परत व्हॅन, क्लास. शनिवारी तबला आणि पोहणं. रविवारी सकाळी मी त्याला उठवतसुद्धा नाही. उठल्यावर अर्धा तास गॅलरीत कबुतरांकडे बघत बसतो, मी बसू देतो. फरशी पुसायला आयुष्य पडलंय की.

माझे वडील रविवारी आम्हाला पेशवे पार्कात न्यायचे. तिथली छोटी आगगाडी फुलराणी १९५६ साली सुरू झाली, वडील स्वतः लहानपणी तिच्यात बसलेले, मग आम्हाला घेऊन गेले. ते आजही आठवतं. केर काढल्याचं कुणाला आठवतं हो?

खमंग_काकडी

पर्वतीकर, तुमचे वडील तुम्हाला फुलराणीत बसवत होते तेव्हा तुमची आई कुठे होती?

नाही, सहज विचारलं.

आणि डबेवाली, तुम्ही स्वतःच लिहिलंय पण तुमच्याही लक्षात आलेलं दिसत नाही. नातवाच्या हातात केरसुणी बघून सासूबाईंचा जीव कळवळला. नात मेथी निवडत होती, तीही सातच वर्षांची, रविवार तिचाही होता. तिच्यासाठी कुणी हळहळलं का? मुद्दा मुलांच्या सुटीचा नाहीच, मुलग्याच्या सुटीचा आहे.

पर्वतीच्या_पायऱ्या

आई घरी होती. मटण करत होती. आणि हो, आम्ही येईपर्यंत ती जेवायची थांबायची. मिळालं उत्तर?

पण त्याचा उपाय मुलांना कामाला जुंपणं हा नाही. उपाय वडिलांनी स्वयंपाकघरात शिरणं हा आहे. मोठ्यांचा हिशोब मुलांकडून का वसूल करताय?

सोसायटीचा_टँकर

अकरा वर्षांचा मुलगा फरशी पुसतो म्हणजे दोन बादल्या पाणी आणि नंतर आईने पुन्हा पुसलेली फरशी. आमच्याकडे टँकरचं पाणी आहे, असले प्रयोग परवडत नाहीत. मी एकटा वीस मिनिटांत उरकतो. पोरांना पिटाळतो खाली खेळायला.

आकडेमोड्या

केंद्र सरकारचं वेळ-वापर सर्वेक्षण आहे, त्यातलं सांगतो. घरातल्यांसाठीची बिनपगारी घरकामं जे करतात त्यांचा दिवसाचा सरासरी वेळ: २०१९ मध्ये बायका २९९ मिनिटं, पुरुष ९७. २०२४ मध्ये बायका २८९, पुरुष ८८. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांची नऊ. म्हणजे बायकांची ती दहा पुरुषांनी उचललेली नाहीत एवढं नक्की.

आणि ही सरासरी फक्त कामं करणाऱ्यांची आहे. जे पुरुष पेलासुद्धा विसळत नाहीत ते ८८ मध्ये धरलेलेच नाहीत. टँकरराव, तुमची वीस मिनिटं मात्र धरली असतील, अभिनंदन.

जुना_कसबेकर

वयाने मोठा आहे म्हणून दोन शब्द जास्त बोलेन.

रविवारची सुटी आकाशातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी १८८४ पासून मागणी लावून धरली, १० जून १८९० ला ती मान्य झाली. सत्यशोधक समाजाचा माणूस. रविवार कशाला, तर हा आमच्या खंडोबाचा वार, असंही त्यांनी मांडलं होतं. भांडून मिळवलेल्या दिवशी मुलांच्या वाटीत चिठ्ठ्या टाकणं मला पटत नाही.

आता कामाबद्दल. आम्ही वाड्यात वाढलो. नळाला पाणी आलं की पितळी कळश्या भरायच्या, चढत्या जिन्याने वर न्यायच्या. दळण आणायचं. डबा डोक्यावर गरम लागायचा, पिठाचा वास शर्टाला रात्रीपर्यंत. हे रोज होतं, रविवारी वेगळं असं नव्हतं, आणि कोणी वाटप करत नव्हतं. दिसलं की करायचं. तुम्ही लोक चिठ्ठ्या काढून घराचं ऑफिस करताय. चिठ्ठीत नाही म्हणून समोर सांडलेलं दूध मुलगा ओलांडून जाईल, बघा.

खमंग_काकडी

कसबेकर काका, लोखंड्यांबद्दल आदर आहेच. पण गिरणीतली बाई १८९० च्या त्या रविवारी घरी बसून काय करत असेल? सहा दिवसांचे कपडे धूत असेल. सुटी गिरणीला मिळाली, चुलीला नाही.

सांडलेल्या दुधाचा मुद्दा मात्र बिनतोड. आमच्याकडे घडलंय. "आज माझी पुसायची पाळी नाही."

दोन_वेण्या

सगळे भांडताय, पण एक प्रश्न कुणीच विचारला नाही. चिठ्ठ्या लिहितं कोण?

कुठलं काम या रविवारी, पंखे कधी पुसले होते, साबण संपलाय, मुलीचे पांढरे बूट सोमवारी लागतात, हे डोक्यात कोण ठेवतं? डबेवाली, खरं सांगा. चार जणांत कामं वाटली, पण मुकादम तुम्हीच ना? मी हे पाच वर्षं केलंय. बाकीचे तिघं साडेअकराला मोकळे व्हायचे आणि मी पुढच्या रविवारची यादी करत बसायचे. वर नवरा चारचौघांत सांगणार, "आमच्याकडे सगळे मिळून करतात."

पर्वतीच्या_पायऱ्या

हे पटलं. विरोधातलं असूनही पटलं. म्हणजे कुणाच्या विरोधात ते आता कळेनासं झालंय.

सोसायटीचा_टँकर

मेथी मुलीने निवडली ती भाजी खाल्ली का शेवटी? काड्या लागल्या असणार.

डबेवाली_धायरी

आठवड्याने येतेय. सिंहगडावर जाणाऱ्यांच्या गाड्यांनी रस्ता भरला होता, त्यामुळे काल कुठे जायचा प्रश्नच नव्हता.

टँकरराव, काड्या होत्या. सासूबाईंनी एकेक काढून ताटाच्या कडेला ओळीने लावली, पण नातीसमोर बोलल्या नाहीत. जाताना मात्र तिला दाखवून गेल्या, कोवळा देठ कुठवर घ्यायचा ते. नातवाला नाही दाखवलं. खमंग, तुमचं वाचल्यापासून हे असलं सगळं दिसायला लागलंय, झोप उडवलीत.

पर्वतीकर, मुलाला दहापर्यंत झोपू दिलं काल. तुमच्यामुळे नाही, तो उठलाच नाही.

दोन वेण्या, तुमचा प्रश्न वाचून मी दोन दिवस गप्प होते. मग सहावी चिठ्ठी लिहिली: "पुढच्या आठवड्याची यादी, सामान आणि चिठ्ठ्या". ती नवऱ्याला निघाली. त्याने काल रात्री फोनवर यादी केली, फार कौतुकाने मला वाचून दाखवली. आज सकाळी सहाला फ्रीज उघडला तर दूध नाही. मी काही बोलले नाही. त्यानेच चप्पल घातली, आणि दारातून वळून विचारलं, "आपण कुठलं घेतो? गायीचं की म्हशीचं?"