सात लाखांत डिझायर, अमेझ का ऑरा? जुनी घ्यावी का नवीन? सल्ला पाहिजे

सेलूकर_मास्तर

नमस्कार मंडळी. दोन महिने झाले डोक्यात दुसरं काहीच नाही, गाडी गाडी गाडी. मी सेलू तालुक्यात जि.प. शाळेवर आहे, घरी आई, अप्पा, बायको आणि सहा वर्षांचा मुलगा. आतापर्यंत मोटरसायकल आणि एसटीवर भागत होतं पण आईच्या गुडघ्याचं दुखणं लई वाढलंय, महिन्याला एकदा संभाजीनगरला दवाखान्यात न्यावंच लागतं, जाऊन-येऊन पावणेतीनशे किमीच्या पुढं जातं. एसटीच्या पायऱ्या तिला आता चढवत नाहीत, मागच्या खेपेला दोघांनी धरून चढवली.

बजेट सगळं मिळून सात, ताणून सव्वासात. त्यातले तीन हातात आहेत, बाकीचं सोसायटीचं कर्ज. डिक्की पाहिजेच, शेतातून ज्वारीचं एखादं कट्टं, डाळ, तेलाचे डबे असं कायम काहीतरी येतं-जातं, म्हणून हॅचबॅक नको वाटायली. रस्ता म्हणाल तर गाव ते मेन रोड सात किमी कच्चाच समजा, काळ्या मातीत डांबर टाकलंय ते दोन पावसाळ्यांत लाटा आल्यासारखं झालंय.

सध्या तीन गोष्टी समोर आहेत. एक, २०१९ ची मारुतीची डिझायर व्हीएक्सआय (म्हणजे खालून दुसरं मॉडेल) पेट्रोल, एजंटकडं, मीटरवर ४२ हजार, पावणेसहा म्हणायलाय. दोन, २०१८ ची होंडाची अमेझ पेट्रोल, ओळखीच्या ओळखीतली, साडेपाच. तीन, नवीन डिझायर एकदम खालचं मॉडेल. ह्युंदाईची ऑरा फक्त रस्त्यावर बघितलीय, बसलो नाही. मित्र म्हणायलेत की मारुतीशिवाय दुसरी घेऊ नको, मेहुणा म्हणायलाय होंडाचं इंजिन म्हणजे इंजिन. मला यातलं काही कळत नाही, पहिलीच गाडी आहे. कोणी वापरली असेल तर खरं खरं सांगा.

जालना_पेट्रोल

मास्तर, आधी नवीनचा हिशोब करा मग जुनीकडं वळा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ आणि वर सेस होता तो १८ टक्क्यांवर आलाय. नवीन डिझायरचं सुरुवातीचं मॉडेल त्यानंतर सव्वासहा लाखांच्या आसपास एक्स-शोरूम (म्हणजे रोड टॅक्स-इन्शुरन्स सोडून) आलं. त्यावर आपल्याकडं पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स म्हणजे सत्तर हजाराच्या घरात, इन्शुरन्स वेगळा. म्हणजे तुमच्या सव्वासातला घासून जाते किंवा जराशी वर. आजचा भाव शोरूममधून लेखी घ्या, तोंडी नको.

याचा दुसरा अर्थ असा की नवीन गाडी स्वस्त झाली तर जुनीचा भाव पण उतरायलाच पाहिजे. एजंट लोक अजून जुन्याच हिशोबात बोलतात. सहा वर्षं चाललेली गाडी पावणेसहाला आणि कोरी सव्वासहा एक्स-शोरूम, हे गणित मला तरी पटत नाही. त्याला हेच तोंडावर म्हणा.

लातूर_चोवीस

मी दोन्ही वापरल्यात. २०१८ ची अमेझ चार वर्षं, आता २०२१ ची डिझायर. म्हणून जरा लांबड लावतो, चालवून घ्या.

अमेझचं इंजिन खरंच चांगलं, चार सिलिंडर, ११९९ सीसी, ९० पीएस ताकद, गाडी उभी असली की चालूय का बंद ते कळत नाही. डिक्की ४२० लिटर, डिझायरची ३७८, म्हणजे तुमचं कट्टं आणि बॅगा अमेझमध्ये जास्त आरामात बसतील. मागची सीट पण मोठी. पण एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगतो, त्या २०१८ च्या अमेझला मागं एसीचे व्हेंटच (हवेच्या जाळ्या) नाहीत. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला टेकतो तेव्हा मागं बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला गार हवा पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. माझे वडील दर उन्हाळ्यात ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसायचे, मला ते बघवत नव्हतं. गाडी बदलायचं निम्मं कारण तेच. डिझायर व्हीएक्सआयला मागं व्हेंट आहेत, ऑराला पण आहेत. नवीन घेणार असाल तर खालच्या मॉडेलला ते आहेत का, शोरूममध्ये मागच्या सीटवर बसून हात लावून बघा, ब्रोशरवरचा फोटो वरच्या मॉडेलचा असतो. आणि त्या खालच्या मॉडेलात म्युझिक सिस्टिम येत नाही, ती बाहेरून बसवावी लागेल, तो खर्च धरा.

अॅव्हरेजमध्ये मात्र डिझायर पुढं. कागदावर लिटरला २०१८ ची अमेझ १९.५ आणि २०२० नंतरची डिझायर २३.२६ किमी. मला हायवेला अमेझ १६-१७ द्यायची, डिझायर १९-२० देते, एसी लावून. २०२० च्या मार्चमध्ये डिझायरला नवीन इंजिन आलं, ८३ चं ९० पीएस झालं, म्हणून शक्य असलं तर २०१९ ऐवजी २०२० च्या शेवटची किंवा २१ ची शोधा. १९ ची वाईट नाही, पण थोडं थांबल्यानं चांगली मिळत असेल तर थांबावं.

जमिनीपासून उंची अमेझ १७०, डिझायर १६३ मिलिमीटर. सात मिलिमीटरनं कच्च्या रस्त्यावर काही होत नाही. पाच माणसं आणि डिक्कीत वजन असलं की दोन्ही गाड्या मागून बसतात आणि गावातल्या उंच स्पीडब्रेकरला पोट घासतंच, तिरपी काढायची सवय लावा.

आईंना घेऊन जा बघायला. खरंच सांगतो. सेडान खाली असते, गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसणं सोपं आणि उठणं अवघड. माझ्या आईला अमेझमधून उठताना दाराच्या वरच्या बाजूचं हँडल धरून दोनदा झोका घ्यावा लागायचा. पाच मिनिटं बसवा, तीनदा चढ-उतर करायला लावा, तिला जी जमते ती गाडी.

काळी_माती

माझं गॅरेज आहे, परभणी जिल्ह्यातच, गावाचं नाव नको. मॉडेलवर दोन दिवस भांडून उपयोग नाही, समोर उभी असलेली गाडी कशी आहे ते बघा. चांगल्या ठेवलेल्या अमेझपुढं वाईट ठेवलेली डिझायर काहीच नाही, आणि उलट पण तसंच.

पहिलं म्हणजे सकाळी लवकर जा आणि जाण्याआधी फोन करू नका. बोनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर त्यानं आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड इंजिनचा आवाज तुम्हाला ऐकू द्यायचा नाही. थंड असताना चालू करायला लावा, खडखड येतीय का, मागून निळा धूर येतोय का बघा. निळा असला तर ऑइल जळायलंय, तिथूनच परत या.

मग बोनेट उघडून ज्या बोल्टांवर बोनेट आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) बसवलेत ते बोल्ट बघा. त्यावरचा रंग उडालेला, पान्याचे ओरखडे पडलेले असले तर ते पार्ट कधीतरी काढलेत. दाराचं रबर हातानं ओढून बाजूला करा, आत कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. ठिपक्यांच्या जागी गुळगुळीत पुट्टी दिसली तर गाडी ठोकलेली. चारी दारांच्या काचांवर बारीक अक्षरात वर्षाची खूण असते, तीन जुळल्या आणि एक नाही तर का बदलली ते विचारा.

मीटरवर विश्वास ठेवू नका. ४२ हजार चाललेल्या गाडीच्या क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं, स्टिअरिंगचं कातडं चकाकत नसतं. डिझायर तर टॅक्सीला पण भरपूर चालते, पिवळ्या पाटीची गाडी पांढऱ्यावर आणून विकतात. आरसीवर आणि वाहन पोर्टलवर आधीचा वापर बघा, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नंबर देऊन प्रत्येक सर्व्हिसचं किलोमीटर काढा.

अमेझचं एक जास्तीचं. होंडानं फ्युएल पंप बदलून द्यायला २०२० मध्ये आणि परत २०२४ मध्ये गाड्या बोलावल्या होत्या, २०१८ च्या अमेझ त्यात होत्या. चॅसिस नंबर टाकून होंडाच्या साइटवर बघता येतं, काम बाकी असलं तर फुकट होतं. हे घाबरायचं कारण नाही, करून घ्यायचं काम आहे.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, १४१९ म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. टायर पाच-सहा वर्षांचे असले तर खाच कितीही चांगली दिसो, बदलायचेच. तुम्ही जालन्यापासून समृद्धीवर चढणार, तिथं १२० ची मर्यादा आणि सिमेंटचा तापलेला रस्ता, आणि मागं तुमची आई बसलेली. चार टायरचे पैसे भावातून कमी करून मागा.

सेलूकर_मास्तर

काळी_माती भाऊ, तुम्ही लिहिलेलं वहीत उतरवून घेतलं आणि काल न सांगता सकाळी साडेसातला त्या एजंटच्या गाडीबाजारात गेलो, अप्पांना सोबत घेतलं होतं. क्लचचं रबर चांगलं होतं, म्हणजे नवीन होतं, ब्रेकचं मात्र झिजून कडेनं फाटलेलं. विचारलं तर गप्प बसला.

काळी_माती

क्लचचंच रबर नवीन म्हणजे जुनं दाखवायचं नव्हतं. सीटबेल्ट ओढून बघितला का? मागचा, पूर्ण शेवटपर्यंत, अडकेस्तोवर.

सेलूकर_मास्तर

नाही बघितला. आज संध्याकाळी परत जातो.

सेलूकर_मास्तर

जाऊन आलो. ड्रायव्हरच्या मागचा पट्टा ओढला, हळूहळू येत गेला, वर काळा कुळकुळीत, आणि शेवटचा वीतभर राहिला तिथं तपकिरी आडवी रेघ, नखानं खरवडलं तर बारीक माती निघाली. दुसऱ्या बाजूला पण तशीच, त्याच उंचीवर. स्टेपनी काढली तर खालच्या खोबणीत कोपऱ्यात वाळलेला गाळ. आरसी बघितली तर गाडी बाहेरच्या जिल्ह्यातली. एजंट म्हणाला धुताना पाणी गेलं असेल. मी काही बोललो नाही, अप्पाच म्हणाले, चल.

लई वाईट वाटायलंय. टोकन द्यायला चाललो होतो मी गेल्या सोमवारी.

काळी_माती

ती पुरात बुडालेली होती मास्तर. गेलेलं पाणी वायरिंगच्या जोडांत राहतं, गंज आतून धरतो, आज चालते आणि सहा महिन्यांनी रात्री रस्त्यात बंद पडते, एअरबॅगचा भरवसा राहत नाही. वाईट वाटून घेऊ नका, तुमची आई त्या गाडीत बसली नाही हे बघा.

जालना_पेट्रोल

गेल्या सप्टेंबरात आपल्याकडं पण पाऊस किती झाला ते आठवा, नदीकाठच्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. म्हणजे बाहेरचीच नाही, एमएच २० पासून २६ पर्यंत, म्हणजे मराठवाड्यातली कुठलीही गाडी असो, पट्टा ओढून बघायचाच.

लातूर_चोवीस

मास्तर, आमच्या कॉलनीत एका बँकेतल्या मॅडमची डिझायर व्हीएक्सआय निघायलीय, २०२१ ची, पहिलाच मालक, त्यांची बदली झालीय. मी ती गाडी रोज बघतो. माझा त्यात एक रुपया नाही. मेसेज करतो, तुमचे तुम्ही बोला.

कागदाचं मात्र पक्कं करा. कर्जावर घेतलेली असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, आरसीवरचा बोजा उतरलेला पाहिजे. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्या. ई-चलन सगळं भरलेलं बघा. इन्शुरन्स चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या, आणि त्यांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्यांचाच राहतो, म्हणून प्रीमियमचा फरक भरावा लागेल, ऐनवेळी गोंधळू नका.

सेलूकर_मास्तर

तीन आठवड्यांनी लिहितोय. लातूरची गाडी घेतली. ५ लाख ३५ हजार, ३८ हजार किमी, प्रत्येक सर्व्हिसचा कागद फाइलला लावलेला. पट्टे चारी बाजूंनी शेवटपर्यंत ओढले, स्वच्छ. आईला बसवून बघितलं, मागं डाव्या बाजूनं तिला जमतं, आधी बसून मग पाय आत घ्यायचे असं तिनंच शोधून काढलं. टायर २०२० च्या शेवटचे होते, त्याचे अठरा हजार मॅडमनी आपणहून कमी केले, आल्या आल्या चारी बदलले. काल पहिली खेप संभाजीनगरला झाली, येताना ती मागं झोपली होती.

एक विचारायचं होतं. स्पीडब्रेकरला पोट घासतंय म्हणून इथला एक जण मागच्या स्प्रिंगांमध्ये रबराचे बूस्टर टाक म्हणतोय, गाडी उंच होते म्हणे. टाकू का?

काळी_माती

नका टाकू. मागचा भाग ताठ होतो, शॉकअप लवकर जातात आणि खड्ड्यातला दणका सरळ मागच्या सीटवर बसतो, म्हणजे आईंच्या गुडघ्याला. वजन असेल तेव्हा दाराच्या स्टिकरवर लिहिलेली फुल लोडची हवा भरा, कट्टं डिक्कीत शेवटाला न ठेवता सीटच्या पाठीला चिकटवून ठेवा. आणि चेंबर (इंजिनाखालचा ऑइलचा डबा) घासल्याचा आवाज आला तर त्याच दिवशी खाली वाकून ऑइल गळतंय का बघा. गाडी घेऊन या एकदा, लिफ्टवर घेऊन बघतो, पैसे नको.

सेलूकर_मास्तर

रविवारी येतो.